विहिरीतले नऊ सेकंद

राक्षसाच्या मनगटावर घड्याळ होतं.

तीनशे वर्षं भुयारात पुरलेला तो राक्षस दगडी झाकण सारून उठला, नखं रोखून नायिकेच्या गळ्याकडे निघाला, अन् बाही मागे सरकताच ते गोल तबकडीचं घड्याळ लखकन चमकलं. सगळं टॉकीज किंचाळत होतं. कोकिळा मात्र खळखळून हसली. आणि नेमकं त्याच क्षणी आणखी कोणीतरी हसलं... तिच्या मागे, उंचावर, भिंतीतल्या चौकोनी भोकातून!

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना वळल्या. शेजारी पाय खुर्चीवर घेऊन बसलेल्या आनंदाबाईंनी तोंडावरचा पदर जरासा खाली केला.

"काऊन हसून राह्यली वो पोरी? तो मारून राह्यला ना तिले!"

"काकू, घड्याळ—"

"मरो तुयं घड्याळ!" म्हणत आनंदाबाई पुन्हा पदराआड गेल्या.

साल त्र्याऐंशी. कोकिळा वर्ध्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन तिथल्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागली होती. बुधवारी दुपारी सुट्टी असे. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे गावातल्या तिच्या घराशेजारच्या आनंदाबाईंना भुताच्या पिक्चरचा भारी नाद. पण एकटीनं जायची छाती नव्हती. कोकिळेला नाद होताच, पण एकटीनं जायची परवानगी नव्हती. अशी ती जोडी दर बुधवारी मॅटिनीला ठरलेली.

मध्यंतरात ती पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. केबिनच्या लोखंडी जिन्यावरून एक उंच, सावळा तरुण खाली आला. बोटं काजळलेली, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"घड्याळात किती वाजले होते, पायलं काय?" त्यानं ओळखपाळख नसताना विचारलं.

"सव्वाचार," ती म्हणाली. "पण झाकण उघडताना पावणेबारा होते."

"बाप्पा! मी रोज तीन खेळ पायतो, मले हे नाई दिसलं."

"तुम्ही राक्षसाकडे पाहत असाल."

"अन् तुमी?"

"मी घड्याळाकडे."

"मंग त्या राक्षसाचं काई खरं नाई," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याची नजर खाली गेली... आणि कोकिळेला उगाचच वाटलं, की पाणी फार थंड आहे.

त्याचं नाव घनश्याम मडावी. ऑपरेटर.

पुढच्या बुधवारी ती एक निळी वही घेऊन आली. तीत ती चुका टिपू लागली. क्रमांक घालून, तारखेसह. या पिक्चरांवर ती हसे, पण ते हिणवणं नसे. चार माणसं, एक भाड्याचा वाडा, दोन मेणबत्त्या आणि डबाभर लाल रंग एवढ्यात कोणीतरी जीव तोडून आपल्याला घाबरवू पाहतंय, याचं तिला खरंच कौतुक वाटे. चूक सापडली की त्या माणसांचे हात दिसल्यासारखे वाटत. पिंपाजवळ वही उघडली जाई, आणि घनश्याम ती मान वाकडी करून वाचे.

"नंबर अकरा, कोळ्याच्या जाळ्यात सरकी." तो चाट पडला. "म्हंजे जाळं कापसाचं?"

"सरकी न काढलेल्या कापसाचं. आपल्याकडच्या माणसाला हे कळणारच."

"मुंबईवाल्याइले सांगा लागन, का एक डाव हिंगणघाटच्या जिनिंग फॅक्टरीतून साफ कापूस न्या." मग पान उलटून तो थांबला. "हे नंबर सात मात्र खोडा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका... हे चूक नोहे."

"मग काय आहे?"

"मायासाठी खूण आहे. रीळ संपत आलं का ठिपका येते, म्हंजे दुसरी मशीन चालू कर. सगळ्या टॉकीजात तो ठिपका फक्त मी पायतो." जरा थांबून तो म्हणाला, "आता तुमीबी पायता."

तिनं सात नंबर खोडला. पेन मात्र बराच वेळ त्या रेघेवर रेंगाळलं.

असे बुधवार मागून बुधवार गेले. एकदा ऐन रक्तपातात पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, 'आंजीचे तानबाजी, घरी पाहुणे आले, लवकर निघा', आणि तानबाजी चपला शोधत बाहेर पळाले. सगळे हसले. कोकिळेनं मध्यंतरात विचारलं, "ते कसं करता?"

"काचेच्या तुकड्यावर चिमणीची काजळी धरा लागते. मंग टाचणीनं अक्षर कोरा लागते. बाजूच्या छोट्या मशीनीत लावली का झालं. पण उजेडाच्या शीनवर अक्षरं बुडून जाते. अंधाराचा शीन पाहूनच काच लावा लागते."

त्याची अक्षरं ठसठशीत होती, 'र'ची शेपटी लांब. एवढं तिनं वहीत लिहिलं नाही. पण लक्षात ठेवलं.

दिवाळीनंतर विहिरीच्या भुताचा पिक्चर लागला आणि चार आठवडे उतरलाच नाही. त्यात मध्यंतराच्या जरासं आधी पडदा पुरता काळा होई. थेंब ठिबकत, ढोल हळूहळू वाजू लागे, आणि एकाएकी विहिरीतून हात वर येई. तो ढोल सुरू झाला की अख्खं टॉकीज माना खाली घाली.

"मी भोकातून पायत असतो ना," घनश्याम म्हणाला, "पुऱ्या टॉकीजच्या माना खाली. दरवाज्यावरचा आमचा कवडू तं भिंतीकडं तोंड करते. एकच मान सरळ राह्यते."

"कोणाची?"

"निळ्या वहीवालीची. तुमाले खरंच भेव नाई वाटत?"

"भिण्यासारखं काय आहे त्यात?" कोकिळा म्हणाली. "नऊ सेकंद नुसता अंधार. मग हात."

"नऊ? मोजले?"

"मोजले."

"अन् हाताले मनगटाजवळ रबराची शिवण आहे, ते दिसली?"

"दिसली की," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं वहीत लिहिलं : क्रमांक एक्केचाळीस, हाताची शिवण. साऱ्या वहीत न पाहता केलेली ती एकच नोंद होती, आणि पुढच्या बुधवारी घनश्यामनं ती वाचलीही.

कारण त्या नऊ सेकंदांत कोकिळा डोळे मिटत असे. मान ताठ, हात मांडीवर, आणि डोळे गच्च मिटलेले. सेकंद तिनं थेंबांच्या आवाजावरून मोजले होते. राक्षस, चेटकीण, मुंडकं... कशाचीच भीती न वाटणारी ती, त्या अंधाराला का भिते, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आणि जिचं कारण देता येत नाही अशी गोष्ट कबूल करणं तिला जमत नसे. त्यातून तो कौतुकानं पाहत होता. त्या कौतुकात खोट निघावी, असं कुठल्या मुलीला वाटेल?

तिसऱ्या आठवड्यात अकोल्याचे लोक तिला पाहून गेले. मुलगा प्राध्यापक, माणसं चांगली, पसंती तिथल्या तिथेच आली. वडील प्रभाकरराव म्हणाले, "माझं काही घाईचं नाही, बेटा. पण पुढच्या गुरुवारी पत्र टाकतो. त्याच्या आत तुझ्या मनात काही असलं तर सांगजो."

मनात होतं. पण सांगायचं काय? त्यानं तर अजून काही विचारलंच नव्हतं. आणि घनश्याम मडावी हे नाव घरात घ्यायचं, तर त्या आदिवासी आडनावापाशी आईचा चेहरा कसा होईल, हेही तिला माहीत होतं. त्यानं एकदा विचारावं... मग तो चेहरा बघायला ती तयार होती.

बुधवारी पिंपाजवळ तिनं वही उघडलीच नाही.

"पुढच्या गुरुवारी बाबा अकोल्याला पत्र टाकणार आहेत," ती म्हणाली. "होकाराचं."

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. "टाकतेच काय?"

"कोणी काही विचारलं नाही, तर टाकतील."

त्यानं पेला पिंपाच्या झाकणावर ठेवला. "तोंडानं विचाराची हिंमत नसन एखाद्याची... तं?"

"मग त्यानं हिंमत गोळा करावी. आठ दिवस आहेत."

"बुधवार आहे ना मधात," तो हळूच म्हणाला. "येजा मंग. नक्की येजा."

आणि ती आली. आनंदाबाईंनी विचारलंसुद्धा, "तोच पिक्चर चौथ्या डाव? अन् लुगडं नवं? भुताले दाखवाले काय वो?" कोकिळा फक्त हसली. वही छातीशी धरून ती बसली. आज एकही चूक तिला दिसली नाही. ती मध्यंतराची वाट पाहत होती.

पडदा काळा झाला. थेंब. ढोल. आनंदाबाई पदरात गेल्या. कोकिळेनं मान ताठ केली... आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन... नऊ. किंकाळ्या. तिनं डोळे उघडले.

दिवे लागले. ती पिंपाजवळ जाऊन उभी राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. पाच मिनिटं गेली, सात गेली. भोकातून कोणीतरी पाहतंय असं वाटलं, म्हणून तिनं वर पाहिलं, तर तिथे नुसता काळोख. घंटा झाली. खेळ सुटल्यावरही ती मुद्दाम सावकाश निघाली. वही छातीशी तशीच. दारात कवडूनं तिच्याकडे पाहिलं. हात जरा पुढे केल्यासारखा केला, मग मागे घेतला. तिला वाटलं, तिकीट मागतोय.

'नाही जमली हिंमत,' ती मनात म्हणाली. वर जाऊन आपणच विचारावं, असंही एकदा मनात आलं. अठरा पायऱ्या तर होत्या. पण आनंदाबाईंनी रिक्षा थांबवली होती.

गुरुवारी पत्र गेलं. पुढच्या बुधवारी आनंदाबाई भावजयीला घेऊन पिक्चरला जाऊन आल्या. म्हणाल्या, "ऑपरेटर बदलला वो. आता काचीवरचे अक्षरं वाचताच येत नाई."

जवळपास सहा वर्षं गेली. कोकिळा अकोल्याची झाली, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. संसारात उणं असं काही नव्हतं. निळी वही मात्र तिनं पुन्हा उघडली नाही.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात ती मावसबहिणीच्या साखरपुड्याला अल्लीपूरला आली. दुपारी पाहुणे लवंडले, आणि ती सुई-दोरा आणायला बाजारात निघाली. एका पत्र्याच्या शेडवर व्हिडिओची पाटी होती. खाली खडूनं लिहिलेलं : 'आज ३ वाजता विहिरीच्या भुताचा पिक्चर. डोळे मिटून बसणाऱ्याची तक्रार ऐकल्या जाणार नाई.'

ती हसली. मग तिचं लक्ष 'र'कडे गेलं. शेपटी लांब होती.

"दुकानं तिकडं आहे, बाई—" म्हणत तो बाहेर आला, आणि थांबला. कानशिलावर थोडे पांढरे केस. बोटं आता स्वच्छ होती.

"किती वाजले?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचेचना.

त्यानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "सव्वाचार तं नाई. पावणेतीन." दोघंही हसले. पण ते हसू फार टिकलं नाही.

त्यानं बाकावर जागा करून दिली. बल्लारपूर, मग यवतमाळ, मग इथे. गेल्या वर्षी ही व्हिडिओची मशीन घेतली, असं त्यानं सांगितलं. मग खाली पाहत म्हणाला, "एक सांगू? मले राग नाई आला बरं. तुमी वही संगं घेऊन गेल्या, मले समजलं."

"काय समजलं?"

"तुमचं उत्तर."

"कशाचं उत्तर, घनश्याम?"

त्यानं मान वर केली. "काचीचं."

"कुठली काच?"

"विहिरीच्या अंधारात लावली होती मी. त्या शीनले सगळ्याइच्या माना खाली राह्यते, फक्त तुमची सरळ. म्हणलं, भरल्या टॉकीजात तुमालेच दिसन, दुसऱ्या कोणाले नाई." त्यानं बाकावरचा खडू उचलला. "दोन काचा फुटल्या होत्या लिवता लिवता. 'चूक नंबर बेचाळीस : मी अजून विचारलं नाही. हो असेल तर वही कवडूजवळ ठेवून जाजा.' नऊ सेकंदात वाचून होते. तुमीच तं सांगतलं होतं नऊ."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. कोकिळेपुढे दोन वाटा होत्या. वाचलं होतं, असं म्हणावं... म्हणजे सहा वर्षं त्यानं जे गिळलं, ते तसंच निवलेलं राहील. किंवा एकदा तरी खरी नोंद करावी.

"मला नाही दिसली," ती म्हणाली.

"कशी नाई दिसन? मान तं सरळ होती तुमची. मी सोता पायली."

"मान सरळ होती," ती म्हणाली. "डोळे मिटलेले होते. दर वेळी."

त्याच्या हातात खडू होता. त्याचे दोन तुकडे झाले, आणि ते त्यानं जपून खिशात ठेवले.

"मंग ते शिवण?"

"तुम्ही सांगितली म्हणून लिहिली."

मागच्या खोलीतून बाईचा आवाज आला, "अवो, पाहुण्याइसाठी चहा ठेवू काय?"

"ठेव, रामबाई," तो म्हणाला. मग कोकिळेकडे न पाहता, "वही... ठेवली असती काय?"

"पहिल्या सेकंदाला."

त्यानं मान हलवली.

"खेळाले अजून टाइम आहे," शेवटी तो म्हणाला. "तेवढा शीन लावून देऊ?"

रिकाम्या शेडमध्ये ती पहिल्या बाकावर बसली. त्यानं टेप पुढे पळवली, थांबवली, आणि तो दाराशी, पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. चित्र काळं झालं. थेंब ठिबकू लागले. ढोल आला. कोकिळेनं बाकाची कड घट्ट धरली आणि डोळे उघडे ठेवले.

किती मोकळी जागा होती त्या अंधारात! दोन ओळी सहज मावल्या असत्या.

तिनं मोजले. नऊच होते. मग हात वर आला, आणि मनगटाजवळ, त्यानं सांगितली होती अगदी तिथेच, शिवण होती.