कुशाबाच्या नावाचं वॉरंट

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं. लालबागची एक चाळ, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. आत स्टोव्ह भरभरतोय आणि परातीपुढे मांडी घालून एक भरदार मिशांचा माणूस कणीक मळतोय. त्याची बोटं एकेकाळी मागावर चालायची, तुटलेला धागा बघता बघता सांधायची. संपात गिरणी बंद पडली ती त्याच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही, म्हणून आता तो बायकोच्या खाणावळीला हातभार लावतो. त्याचं नाव कुशाबा. आणि दारात त्याचा धाकटा भाऊ चिंतामणी उभा आहे, आत ये म्हटलं तरी न येणारा. दिसला तो? मग ऐका.

"आई जेवत नाही," चिंतामणी म्हणाला. "पेजेचा घोटसुद्धा नको म्हणते. तुझंच नाव घेऊन बसलीय. मी आजच्या एसटीने निघतोय. येतोस की नाही, एवढंच सांग."

कुशाबाने मान वर केली नाही.

"बारा वर्षं झाली, दादा. तुझ्या हातून एक काच फुटली आणि तू बारा वर्षं बायकोच्या पदराआड लपलास. वाडीतली माणसं मला विचारतात, तुझा भाऊ आहे ना रे अजून?"

"चिंतू, चहा घेऊन जा."

"नको तुझा चहा."

कुशाबाची बायको रमाबाई स्टोव्हपाशी बसली होती. तव्यावरची चपाती करपली तरी तिला कळलं नाही. जे चिंतामणीला ठाऊक नव्हतं, ते घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक ती होती... पण ओठ उघडायची तिला मुभा नव्हती.

ब्याऐंशी सालची गोष्ट. संप लांबला तशी लालबाग-परळची कितीतरी बिऱ्हाडं कोकणात गावी गेली, तसंच कुशाबाचंही. मे महिन्यात गिरणीकामगारांनी धान्यासाठी तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. गर्दीत रेटारेटी झाली, दगड भिरकावले गेले, खिडकीची काच फुटली आणि आतल्या कारकुनाचा हात कापला. दगड अठरा वर्षांच्या चिंतामणीचा होता. तो मागे न बघता पळाला. त्याच्या खिशात सरकारी छापखान्याच्या नोकरीचं पत्र होतं. नावावर एक साधी तक्रार आली असती तरी ते पत्र रद्दी झालं असतं. कुशाबा मात्र तिथेच थांबला. पोलिसांना म्हणाला, दगड माझा. आणि धाकट्याला सांगितलं, "तुझा भिंतीला लागला, चिंतू. काचेला लागला तो माझा. जा तू नोकरीवर."

कुशाबा जामिनावर सुटून रमाबाईला घेऊन लालबागला परतला. श्रावणात कोर्टाची तारीख होती. त्याच दिवशी परळच्या इस्पितळात रमाबाई अडली, जीव जातो की राहतो असं झालं, आणि तो तिच्या उशापासून हलला नाही. पंधरा दिवसांनी गावचा एक माणूस निरोप घेऊन आला: "तुझ्या नावाचं वॉरंट निघालंय. वाडीत पोलीस येऊन गेले. फिरकू नकोस." गावाकडून येणारा निरोप म्हणजे दगडावरची रेघ. कुशाबा फिरकला नाही. गणपतीला नाही, शिमग्याला नाही, बापाच्या बाराव्यालासुद्धा नाही.

कोर्टाच्या तारखेच्या दिवशी जन्मलेली ती पोर म्हणजे सुगंधा. आता ती बारा वर्षांची झाली होती, आणि काका पाय आपटत निघून गेल्यावर तिने आईला फक्त एकच विचारलं.

"वॉरंट अजून आहे, हे कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"बारा वर्षांपूर्वी त्या माणसाने सांगितलं. त्यानंतर कोणी विचारलं का?"

रमाबाईने करपलेली चपाती बाजूला काढली. कोण विचारणार? विचारायला गेला तर तिथल्या तिथे बेड्या घालतील, याच भीतीने तर सगळी घाबरलेली.

दुपारी जयवंत जेवायला आला. तो मुंबईतल्या एका कोर्टात कारकून होता आणि खाणावळीचं जुनं गिऱ्हाईक. सुगंधाने त्याच्या ताटात आमटी वाढता वाढता विषय काढला.

"जयवंतकाका, वॉरंट रद्द झालं की नाही ते कुठे कळतं?"

"काय गं, कोणाला पकडायचंय? आमटीत मीठ जास्त झालं म्हणून आईला?"

"सांगा ना."

जयवंत हसायचा थांबला. "ज्या कोर्टातून निघालं तिथल्या वहीत सगळं असतं बघ. साध्या कागदावर अर्ज करायचा, कोर्टाचं तिकीट चिकटवायचं. घरच्या माणसाला बघू देतात. आणि विचारणाऱ्याला कोणी पकडत नाही, काय?"

त्याच संध्याकाळी रमाबाई लेकीला घेऊन एसटीत बसली. नवऱ्याला म्हणाली, "आईंना बघून येते." पुढच्या बाकावर चिंतामणी तोंड फिरवून बसला होता.

सकाळी तालुक्याला उतरल्यावर सुगंधाने दप्तरातून अर्ज काढला. चिंतामणीने तो वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, हा काय पोरखेळ? वॉरंट अजून असलं तर पत्ता विचारतील. सख्ख्या बापाला धरून देणार ही?"

भीती रमाबाईलाही होतीच. पण लेक तिचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्यांकडे निघाली होती. "भाऊजी," ती म्हणाली, "आईंनी डोळे मिटले, तर मग विचारून काय करायचं?"

रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "कोणी लिहिलाय?"

"मी," सुगंधा म्हणाली.

"अक्षर आमच्या साहेबांपेक्षा बरं आहे." ते आत गेले. तासाभराने धुळीने माखलेला गठ्ठा टेबलावर आला. त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. "हे बघा. सन त्र्याऐंशी. सरकारने खटला मागे घेतला. वॉरंट रद्द."

रमाबाईने त्या ओळीवर बोट फिरवलं. त्र्याऐंशी... म्हणजे लेक रांगायला लागली तेव्हाच तिचा बाप मोकळा झाला होता, आणि ते त्याला सांगायला कोणी आलंच नाही.

"मागे का घेतला?" सुगंधाने विचारलं.

"जखमी कारकुनाचा जबाब आहे. वाचा की तुम्हीच." म्हाताऱ्याने गठ्ठा चिंतामणीपुढे सरकवला.

चिंतामणी मोठ्याने वाचू लागला. "दगड मारणारा इसम हा नव्हे. दगड मारणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगात हिरवा नवा शर्ट होता. तो पळाला. आरोपी कुशाबा हा खिडकीतून आत आला आणि त्याने स्वतःचं उपरणं फाडून माझा हात..." पुढे त्याला वाचवेना. कागदावरची अक्षरं विरघळत होती.

"वहिनी... हिरवा शर्ट दादानेच घेतला होता मला. नोकरीवर रुजू व्हायला."

रमाबाईने सुगंधाला जवळ ओढलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी दर वर्षी तुमच्या दारात येऊन त्याला नाही नाही ते बोललो. एकदा तरी सांगायचं होतंत."

"त्यांनी पोटातल्या लेकराची शपथ घातली होती, भाऊजी. हिची."

चिंतामणीने पुतणीकडे पाहिलं, आणि तिशीतला तो माणूस कोर्टाच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून उठला. "नक्कल घ्या. आईकडे आत्ता जायचं नाही. दादाला घेऊनच जायचं."

दुसऱ्या दिवशी कुशाबा चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होता. तिघांना एकत्र बघून त्याने आधी खाली रस्त्यावर नजर टाकली. बारा वर्षांची सवय.

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही, दादा," चिंतामणी म्हणाला. "अकरा वर्षांपासून कोणीच नाही." आणि त्याने नक्कल पुढे केली.

कुशाबाने ती सावकाश वाचली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. "हवालदार दिसला की मी रस्ता बदलत होतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "अकरा वर्षं... फुकटच?" आणि त्याला हसू फुटलं, असं मोकळं हसू की शेजारपाजारची दारं उघडली. रमाबाईने ते हसू लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. आपण शपथ पाळली, आणि तरीही सत्य आपल्या पायांनी घरी चालत आलं, याचा अभिमान तिच्या छातीत मावेना.

चिंतामणी भावाच्या पायांवर वाकला. कुशाबाने त्याला खांद्याला धरून उठवलं.

"तुझा दगड भिंतीला लागला होता, चिंतू."

"दादा, आता पुरे कर."

"बरं," कुशाबा म्हणाला, आणि धाकट्याला त्याने घट्ट पोटाशी धरलं.

रात्रीच्या एसटीने सगळी गावी आली आणि भर दुपारी, वाडीच्या मधल्या वाटेने, छाती काढून कुशाबा घरी गेला. खाटेवर पडलेल्या त्याच्या आईने, सोनूबाईने, पावलांचा आवाज ओळखला आणि कोपरावर उठून बसली.

"कुशा? इलंस?"

"इलंय, आये."

तिने त्याच्या चेहऱ्यावरून, मिशांवरून हात फिरवला. "म्हातारो झालंस रे." मग सुनेकडे वळून म्हणाली, "रमा, पेज वाढ गो. दोघांका एकदम वाढ." आणि चार दिवस उपाशी असलेल्या त्या माउलीने मुलाच्या मांडीला मांडी लावून वाडगाभर पेज खाल्ली.

बातमी पसरली तसं अंगण भरलं, लाडू वाटले गेले. शेवटी काठी टेकत वाडीतले रामूआजोबा आले. ते कुशाबाशी बोललेच नाहीत. सरळ सुगंधापुढे उभे राहिले.

"चेडवा, माझो शिवा पण त्या मोर्च्यात होतो. तेच्या नावाचा पण वॉरंट हा म्हणतत. तो पण येणा नाय."

"कोणी बघितलं का, आजोबा?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली.  सगळे त्या बारा वर्षांच्या पोरीकडे बघत राहिले.

सुगंधाने हातातला लाडू शेजारच्या पोराला दिला, दप्तरातून कोरा कागद काढला, ओट्याच्या कडेवर तो नीट पसरला आणि पेन उघडलं.

"शिवाकाकांचं पूर्ण नाव सांगा, आजोबा. सावकाश सांगा."