‘होऽऽ’ आणि हिरवा दिवा

सुरंगीच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. मालवणच्या समुद्रावरच्या तरंगत्या शाळेत ती सातवीत शिकते. तिथल्या ‘बोलका’ या रोबो-शिक्षकाची आज्ञावली (यंत्राने काय करायचं, त्या सूचना) मी लिहिली होती.

तिने लिहिलं होतं, “आजोबा, बोलक्याने ‘समजलं का?’ म्हटलं की आम्ही सगळे ‘होऽऽ’ म्हणतो. मग चाचणीत आपटतो. असं का? सोमवारी त्याची तपासणी आहे. तो नापास झाला तर त्याला परत नेणार. आम्हाला तो हवाय!”

लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य चुकीचं वाटे. शेवटी सोमवारी होडीने मीच गेलो आणि तपासणीला आलेल्या बाईंशेजारी अंग चोरून बसलो.

“चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, म्हणून भरती येते. समजलं का?” बोलक्याने विचारलं.

“होऽऽ!”

त्याच्या छातीवर हिरवा दिवा लागला, आणि माझ्या डोक्यातही. ‘हो’ ऐकलं की पुढे जायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं! पण ‘नाही’ म्हणायला धीर लागतो. ‘हो’ सगळ्यांत मिसळून जातं.

मी बिचकत उठलो. “बोलक्या, असं विचार. चंद्र नाहीसा झाला, तर आपली शाळा भरती-ओहोटीने वर-खाली होईल का? विचारून थांब. उत्तर कुणी द्यायचं, ते नाव शेवटी घे. आधीच घेतलंस, तर बाकीचे सुटले म्हणून विचारच करत नाहीत.”

त्याने विचारलं. वर्ग गप्प. खाली लाटा आपटत होत्या.

“उत्तर नाही. मी सांगू?” बोलका म्हणाला.

“मेल्या, गप रव!” सुरंगी म्हणाली. “विचार करतोय ना आम्ही!”

यालाच प्रतीक्षाकाळ (प्रश्नानंतर शांतपणे थांबण्याचा वेळ) म्हणतात. बाई घड्याळ बघू लागल्या.

“इनास?” बोलक्याने हाक मारली. इनास एरवी ‘होऽऽ’पलीकडे बोलत नसे.

“थोडी होईल,” तो म्हणाला. “सूर्यपण ओढतो ना? पण तो लांब आहे, म्हणून भरती लहान.”

“सुरंगी, तुला पटलं? का?” बोलक्याने विचारलं.

मग काय, हातच हात! वाद रंगला. शेवटी बाईंनीही हात वर केला, “मला एक शंका आहे!”

बोलका शाळेतच राहिला.

संध्याकाळी किनाऱ्यावर परतून धक्क्यावर बसून मी लिहिलं, “सुरंगी, ‘समजलं का?’ला ‘हो’ म्हणायला काहीच समजावं लागत नाही, म्हणून चाचणीत आपटता. आता सांग, पृथ्वीला दोन चंद्र असते तर तुमची शाळा कशी हलली असती? घाई नाही. मी थांबतो.”

पाकीट टपाल-ड्रोनच्या पेटीत टाकलं. ड्रोन उडाला, थेट तरंगत्या शाळेकडे.