बिस्किटांचे थर कुणी विरघळवले?

"हे पुडिंग नाही, तळं आहे तळं!" मुंगीचा चुलतभाऊ पोपट ओरडला. तो सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढायचा, म्हणून त्याचं हे टोपणनाव.

मुंगी फ्रीजच्या उघड्या दारासमोर नुसती उभी राहिली. सकाळी तिने दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यांवर फेटलेलं क्रीम, वर चॉकलेट, पुन्हा बिस्किटं असे थर किती निगुतीने रचले होते! आता काचेच्या भांड्यात एक तपकिरी उदासी तेवढी हिंदकळत होती. सुट्टीसाठी ती दादाबरोबर काकांकडे आली होती. उद्या संध्याकाळच्या बसने दादा इथूनच वसतिगृहाला जाणार होता. जाण्याआधी त्याने आपल्या हातचं काही खावं, एवढंच तिला हवं होतं.

"क्रीम पुरतं फेटलं नसशील, बाळा," काकू म्हणाली.

"मनगट दुखेस्तोवर फेटलं गं, काकू!"

पण खरं कोडं पुढेच होतं. फ्रीजमधला दिवा लागत होता, मोटर घरघरत होती, आणि बर्फाच्या साच्यात मात्र पाणी!

"चालू फ्रीजमध्ये बर्फ वितळतो कसा?" मुंगी पुटपुटली.

"भूत!" पोपट डोळे मोठे करून म्हणाला. "उन्हाळ्याने हैराण झालेलं!"

"गप रे! बिस्किटांचा एकच पुडा उरलाय. उद्या पहारा करायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे थर फ्रीजमध्ये गेले आणि दुपारची जेवणं होताच दोघं जेवणाच्या टेबलाखाली शिरली. कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. आपल्या हातालाच काही जमत नसेल का, ही शंका मुंगीला आतून कुरतडत राहिली.

शेवटी वर्तमानपत्रात नाक खुपसून काका आले. त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि दार उघडंच ठेवून ते उभ्या उभ्या वाचू लागले.

"अहो, झोपायला चालले मी! तो फ्रीज बंद करा!" आतून काकू ओरडली.

"करतो, करतो!"

काकांनी दार ढकललं, वर हात नेऊन भिंतीवरचं बटण दाबलं आणि ते निघून गेले. घरघर थांबली.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

"बाबांनी... बटण का बंद केलं?" पोपट गोंधळला.

"काकू 'बंद करा' म्हणाली ना! तिला दार म्हणायचं होतं!"

"थांब, खात्री करू." पोपटाने बटण पुन्हा चालू केलं आणि हुबेहूब आईच्या आवाजात हाक दिली, "अहो, फ्रीज बंद करा म्हटलं ना!"

"केला की गं!" काका कुरकुरत परत आले, आणि त्यांचा हात थेट बटणाकडे गेला.

"सापडलात, काका!" मुंगी टेबलाखालून उसळली.

गलक्याने काकू धावत आली. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "काल झोपून उठले तर बटण बंद! मुलांनीच दाबलं असेल म्हणून गुपचूप चालू केलं. आणि वर या पोरीलाच बोलले!"

"मला वाटलं, वीज वाचवायची टूम निघालीय," काका ओशाळून म्हणाले.

बटण पुन्हा चालू झालं आणि त्या दुपारी फ्रीजला कुणी बोटही लावलं नाही.

संध्याकाळी दादाची बॅग दाराशी होती. मुंगीने चमचा थरांत घातला. तुकडा निघाला: कडा सरळ, थर एकावर एक नीट बसलेले!

"या पोरांनी पहारा केला नसता, तर सगळं खापर मी अजून हिच्याच माथी फोडत असते," काकू म्हणाली. "मुंगे, हात पक्का आहे हो तुझा!"

दादाने बशी निपटून खाल्ली, बॅगेची चेन उघडली, स्वेटर बाहेर काढून ठेवला आणि म्हणाला, "डबा दे एक. इथे जागा झालीय."