नऊ तारांची कमान

मिरजेच्या केतकी वसाहतीत एका रविवारी नऊ माणसांचं एकाच क्षणी, एकाच गोष्टीवर, शंभरातले शंभर भरतील असं एकमत झालं. कोणी विश्वास ठेवणार नाही, ठाऊक आहे. नऊ माणसं, तीही एका गृहसंस्थेची, तीही कार्यकारिणीवरची! पण झालं खरं, आणि ते कानांनी ऐकू आलं. त्या काळात, म्हणजे २०६८ साली, एकमत ऐकू येत असे.

वसाहतीच्या कार्यालयात भिंतीवर एक शिसवी फळी टांगली होती. तिच्यावर नऊ तारा ताणलेल्या, कडेला शून्य ते शंभरचा आकडा. हिला 'एकतान' म्हणत. कार्यकारिणीचा प्रत्येक जण सभेत कानामागे हरभऱ्याएवढी चकती चिकटवून बसे. माणसाच्या मेंदूत विचारासरशी विजेच्या बारीक लहरी उठतात; चकती त्या लहरी टिपायची आणि ज्याची त्याची तार त्या लयीत हलवायची. सतारीच्या पोटाशी तरफेच्या तारा असतात ना, वरची तार छेडली की न छेडताच झंकारणाऱ्या? तसंच. नऊ मनं नऊ दिशांना गेली की फळी खरखरे, चार-पाच जुळली की गुणगुणे. नऊच्या नऊ जुळलेली कोणी कधी ऐकली नव्हती.

हे यंत्र काढलं होतं डॉ. नसीम सतारमेकर यांनी. घराणं सतारी घडवणाऱ्यांचं. यांनी भोपळ्याऐवजी डोकी धरली, एवढाच फरक. आणि या फळीसमोर चौदा महिने दर रविवारी कागदाची गुंडाळी घेऊन उभा राहत होता त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, दिनानाथ ओतारी.

ओतारी पितळ ओतणारा. आधी मेणात नक्षी कोरायची, तिच्यावर मातीचा लेप चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं, अशी त्याची जुनी रीत. सत्तरीपर्यंत त्यानं लोकांचे कठडे, कड्या, नावाच्या पाट्या केल्या, पण जिच्याखालून माणसं जातील-येतील अशी कमान कधी त्याच्या वाट्याला आली नव्हती. आता केतकी वसाहतीला प्रवेशद्वारावर कमान हवी होती. आणि दीडेक वर्षापासून ओतारीचा उजवा हात कापू लागला होता. पितळ कोणीही ओतेल. मेण त्यालाच कोरायचं होतं. डॉक्टरांच्या मते हाताकडे फार तर वर्षभर उरलं होतं.

अठ्ठावन्नावं चित्र त्यानं टेबलावर पसरलं.

"बाकी सुरेख आहे," चिटणीस कुंभोजकर म्हणाले, "फक्त मोर जरा मोठा हवा."

"मागच्या खेपेला तुम्हीच बारीक करायला लावलात."

"तेव्हा वर कळस होता ना! कळस कुठे गेला?"

"तोही तुम्हीच काढायला लावलात."

"मी? छे! असं मी म्हणेन का?"

अध्यक्षा शकुंतलाबाई भोकरे यांनी चष्मा पुसला. "आमच्या जावयाचं म्हणणं, मोर आता फार झाले. हंस करा."

"हंस केला होता, बाई. चाळिसाव्या चित्रात. तुम्हाला तो बदकासारखा दिसला."

"मग होताच तो बदकासारखा!"

सगळे हसले. ओतारीही हसला. मग त्यानं नेहमीप्रमाणे एक थाप ठोकली, की अशाच एका हंसामुळे तासगावच्या तळ्यातली बदकं रुसून गाव सोडून गेली होती. टेबलाच्या टोकाला उज्ज्वला मगदूम मटार सोलत बसल्या होत्या. चौदा महिन्यांत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं, तेच आजही म्हणाल्या, "मला काय, सगळ्यांना चालेल ते."

फळी खरखरत होती. आकडा अकरा.

"एकंदरीत," भोकरेबाई म्हणाल्या, "हे नकोच. नवीन आणा."

"नकोच," सगळ्यांनी मान डोलावली, आणि फळी गायला लागली. असा गोड, भरलेला सूर, की ओतारीचा गुंडाळी करता हात थांबला. आकडा एक्क्याण्णव! बाहेर पडताना त्यानं पाहिलं, मंडळी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत कुंभोजकरांकडे भजी खायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नसीमच्या प्रयोगशाळेत जाऊन धडकला.

"तुझं यंत्र बिघडलंय, नश्या. चित्र दाखवलं की खरखरतं आणि नको म्हटलं की गातं."

नसीमनं चहा ओतला. वर पाहिलं नाही. "बिघडलेलं नाही, दिन्या."

"मग?"

"आवड ज्याची त्याची असते. मोर म्हटलं की कुंभोजकरांना आजोळचं अंगण आठवतं, भोकरेबाईंना सासूची साडी. नऊ जणांच्या आवडीत नऊ जन्म मिसळलेले असतात; ते जुळायचे कसे? नकाराला मागचंपुढचं काही लागत नाही. समोर एक वस्तू ठेवायची, आणि सगळ्यांनी मिळून ती ढकलायची. ढकलताना माणसं एका लयीत येतात. हा माझा शोध."

"शोध झाला. माझी कमान कधी?"

नसीमनं कप त्याच्यापुढे सरकवला. टेबलावर केतकी वसाहतीवरच्या प्रयोगाची वही उघडी होती. ओतारीनं चष्मा चढवून पहिल्या पानावर 'कमान' आणि त्यापुढे आपलं नाव वाचलं, मग तारीख वाचली, मग पुन्हा तारीख वाचली.

"ही तारीख मला बोलावणं येण्याच्या चार महिने आधीची आहे."

"हो."

"कमान हवी, हे त्यांच्या डोक्यात कोणी घातलं?"

"मी. ऐक तर आधी. गाड्या लावण्यावरून तिथं डोकी फुटायची, जिने वाटून घेतले होते लोकांनी. आज एकमेकांची पोरं सांभाळतात. चौदा महिन्यांत एक भांडण नाही. एकतीस वसाहती रांगेत आहेत, दिन्या!"

"आणि माझं नाव?"

"तेही मीच सुचवलं."

"का? गावात ओतणारे आणखी आहेत."

"ते तिसऱ्या खेपेला कागद फाडून निघून गेले असते. तू पुन्हा पुन्हा जातोस. दुधाला विरजण लागतं, तसा—"

"विरजणाला कोणी विचारतं का रे, तुला दही व्हायचंय का म्हणून?"

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग ओतारीनं कापरं बोट पुन्हा तारखेवर टेकवलं.

"माझा हात चालला, हे मी पहिल्यांदा तुला सांगितलं होतं. बायकोलासुद्धा नंतर. ही तारीख त्याच्या तिसऱ्या दिवसाची आहे."

नसीमनं कपातला गार चहा ढवळला. "त्यावरूनच कळलं मला, की तू थांबणार नाहीस. ज्याच्यापाशी वेळ थोडा असतो, तो माणूस शेवटपर्यंत कागद आणत राहतो."

ओतारी उठला. लहानपणी दोघं याच जागी, नसीमच्या अब्बांच्या कारखान्यात, एका तारेची दोन टोकं दातांत धरून एकमेकांचा आवाज ऐकत. ती गोष्ट त्यानं हजार जणांना सांगितली होती, दरवेळी तार हातभर लांब करून. पण मुळात ती खरी होती. दार लोटून तो निघून गेला.

पुढल्या रविवारी तो सभेला आला तो पहिलं चित्र घेऊन. चौदा महिन्यांपूर्वीचं, कडा पिवळ्या पडलेलं. साधी कमान, दोन्ही बाजूंनी केतकीची पाती वर चढत जाऊन माथ्यावर भेटलेली. कोपऱ्यात नसीम नेहमीसारखा पेन्सिल घेऊन आकडे टिपायला बसला होता. ओतारीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ही माणसं नकारातच एक होत असतील, तर त्यांना नाकारायला काहीतरी भारी द्यायला हवं, हे त्याचं गणित होतं.

"मंडळी, निरोप घ्यायला आलोय," तो म्हणाला. "ही कमान सांगलीला चालली. मालती वसाहतीनं एका बैठकीत पसंत केली."

"सांगली?" कुंभोजकर ताडकन सरळ झाले. "आमची कमान? सांगलीला?"

"तुम्हाला नको होती ना? पाट्यांवर लिहिणार आहेत, मिरजेत जे जमलं नाही ते इथं जमलं."

फळीतली खरखर विरली. आकडा साठावर गेला.

"अहो, ही पाती केतकीची आहेत! मालतीला कशाला शोभतील?" भोकरेबाई म्हणाल्या.

"तेच म्हटलं मी त्यांना. म्हणतात, मिरजकरांना कुठं कळतंय."

"नाही!" चारदोन जण एकदम ओरडले. पंचाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. फळी घुमू लागली. "द्या तो कागद इकडे. ही कमान कुठंही जाणार नाही. इथंच उभी राहील, अश्शीच!" भोकरेबाईंनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदाला टेकलं, 'श'ची गाठही उमटली.

नसीमची पेन्सिल थांबली होती. त्याला हा डाव कळला होता. एक शब्द बोलला असता तर सगळं मोडलं असतं. त्यानं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि खाली पाहिलं.

ओतारीनं आता फक्त गप्प बसायचं होतं. सही पुरी व्हायला लागतो तेवढाच वेळ. पण आयुष्यात एकदाही तो गोष्ट वेळेवर संपवून उठलेला नव्हता. समोर नऊ माणसं प्रथमच श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्याला राहवेना.

"उद्घाटनाला हत्ती सांगितलाय त्यांनी," तो म्हणाला. "अंबारीसकट. काल मी स्वतः जाऊन पाया आखून आलो. हत्ती झुलत आत शिरेल एवढी ऐसपैस जागा आहे."

टेबलाच्या टोकाला मटाराची शेंग ताटात पडली. हत्ती म्हणताच नऊ जणांच्या भुवया एकदम वर गेल्या, भोकरेबाईंचं पेन अर्ध्या सहीवर थांबलं. फळीवरच्या नऊच्या नऊ तारा एका दमात ताठ झाल्या आणि कोणी कधी न ऐकलेला तो स्वच्छ सूर खोलीभर चढू लागला, आकडा शंभरावर टेकला, तशा उज्ज्वला मगदूम उठून उभ्या राहिल्या.

"मालती वसाहत माझं माहेर आहे, ओतारीकाका. आमच्या बोळात रिक्षा वळत नाही, हत्ती कुठून शिरतो? साफ खोटं बोलताय तुम्ही."