कॉलरचं पान

शिवणगटाच्या विकीचं जुनं सॉफ्टवेअर बंद होणार होतं. विकी म्हणजे गटाची इंटरनेटवरची सामाईक पानं. कुणीही लिहावं, एकीचं चुकलं तर दुसरीने नीट करावं. निम्मी पानं एकट्या धाकटीने लिहिलेली. ती गेल्या थंडीत गेली. तिला मूल नाही, घर नाही. नाव राहिलं होतं ते त्या पानांखाली. थोरल्या बहिणीला तिने पन्नाशीनंतर वाचायला शिकवलं तेही हीच पानं पुढ्यात ठेवून.

दुपारी कापायच्या टेबलावरचे तुकडे सारून खजिनदारणीने संगणक मांडला. नवीन तीन सॉफ्टवेअर, पानांची नक्कल प्रत्येकात घालून बघायची, एक निवडायचं.

पहिल्यात अध्यक्षबाईंनी धाकटीचं कॉलरचं पान उघडलं, दुरुस्तीचं बटण दाबलं.

‘हे पान दुसरं कोणी लिहीत आहे. थांबा.’

“कोण गं मोबाईलशी चाळा करतंय?”

सगळ्यांनी रिकामे हात दाखवले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. निरोप हलेना.

“भिकार आहे हे. दुसरं काढ.”

दुसऱ्यात बाकी पानं झरझर उघडली. कॉलरच्या पानावर तोच निरोप. बनवणारे निराळे, शब्द मात्र तेच. थोरलीला कापडावर आखायच्या खडूचा वास आला, धाकटीच्या बोटांना असायचा तो. कापायला तर कुणीच बसलं नव्हतं.

“तिसऱ्यात ही अडवाअडवीच नाही,” खजिनदारीण म्हणाली. “फक्त लिहिणारीचं नाव राहत नाही.”

“उत्तम!” अध्यक्षबाई खुलल्या. त्यांच्या नावावर एकही पान नव्हतं. “काम गटाचं, नाव गटाचं.”

“लिहिताना बरी ती एकटीच होती,” थोरली म्हणाली.

“मावशी, गेलेल्या माणसाला नावाचं काय करायचंय?”

कुणीतरी फिसकन हसलं. हात वर झाले. थोरलीचा मांडीवरच राहिला.

पानं नव्या जागी गेली. नावं गळून पडली. बायका चहाला खाली उतरल्या. “मावशी, संगणक बंद करून या हं,” अध्यक्षबाई जाता जाता म्हणाल्या, जणू पंखाच बंद करायचा होता.

थोरलीने कॉलरचं पान उघडलं. मजकूर जसाच्या तसा, खाली कोरं. कुणी पुसेपर्यंत तरी राहील, असं म्हणत तिने धाकटीचं नाव लिहायला बटण दाबलं.

‘हे पान दुसरं कोणी लिहीत आहे. थांबा.’

या सॉफ्टवेअरमध्ये तर ती सोयच नव्हती.

ती थांबली. खडूचा वास दाट झाला.

निरोप गेला.

शेवटच्या टाक्याच्या माहितीखाली एक नवी ओळ होती.

‘ताई, माझं नाव काय गं?’

खालून कपबशांचा आवाज येत होता. थोरलीने बोट उचललं, अक्षरांवर धरलं.

नाव आधी तोंडाने घेऊन पाहिलं; पहिलं अक्षर कुठलं, तेच तिला आठवेना.