सोन्यासमोर पांढरी वेष्टी

आत्याला वाटलं, दुकानातल्या माणसाला आपलं मराठी कळणार नाही. तंजावुरात आमच्या लोकांच्या निम्म्या फजित्या याच समजुतीतून होतात.

मी कॅमेऱ्याला फ्लॅश घ्यायला गेले होते. वेंकूआत्या सोबत होती, कारण एकोणचाळीस वर्षं पूर्ण झाली तरी मी दुकानात एकटी फसेन अशी तिची खात्री आहे. काऊंटरमागचा माणूस तमिळमध्ये म्हणाला, "काय दाखवू, अक्का?" माझ्याहून तो चार-पाच वर्षांनी मोठाच असेल. पण इथे दुकानदार कुठल्याही बाईला अक्का म्हणतो, म्हणजे मोठी बहीण. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नसतं. मला त्या दिवशी जरासं वाटलं.

"माणूस बरा दिसतो," आत्या मराठीत, अगदी निवांत म्हणाली. "पण शर्टाच्या गुंड्या वरखाली लावल्यात. घरी बघणारं कोणी नसावं."

"मग विचार की त्याला."

"विचारलं असतं. पण तमिळमध्ये विचारलं तर त्याला कळेल ना."

तो खोका काढायला कपाटाआड वाकला. उभा राहिला तेव्हा गुंड्या सरळ झाल्या होत्या.

"कोणी नाही, आत्या," तो आमच्याच मराठीत म्हणाला. "आई गेली त्यास चार वर्षं जाहली."

आत्याने पदर तोंडाला लावला. मी समोरच्या ट्रायपॉडचे पाय मोजले. तीन होते. पुन्हा मोजले.

त्याचं नाव रघुराम. राहायचा जवळच्या पापनाशम गावी, रोज गाडीने येऊन-जाऊन. पाच मिनिटांत आत्याने त्याच्या आजोळापर्यंतची माहिती काढली, आणि मग कुठे माझ्या कामाची पाळी आली. मी तंजावूर चित्रं काढते... देवांची, सोन्याचा वर्ख लावलेली, वरून काच. शिकवलं कोणी नाही, बघून बघून आलं. चेन्नईच्या एका कलादालनाने आठ चित्रांचे फोटो महिनाअखेर मागवले होते. मोबाइलने काढले की सोनं काळं पडायचं. म्हणून सिंगापूरच्या भावाने, मुरलीने, त्याचा जुना डीएसएलआर पाठवून दिला होता, सोबत एका ओळीचा निरोप: सोपं आहे.

"फ्लॅश घेऊ नका," रघुराम म्हणाला. "सोन्यावर फ्लॅश मारलात तर देवाच्या तोंडावर नुसता पांढरा डाग येईल. ट्रायपॉड घ्या. आणि काचेवरची चमक मारायला हा पोलरायझर फिल्टर."

मी दोन्ही घेतलं, आणि एक मेमरी कार्ड. वर त्याने अर्धा तास शिकवलंही. ॲपर्चरचा आकडा मोठा तर भोक लहान.

"उलटं कशाला?" मी विचारलं.

"मला विचारून ठेवलं नाही हो."

आयएसओ, उजेड वाढवायचा आकडा, म्हणजे मिरपूड, तो म्हणाला. थोडी असली तर ठीक, जास्त घातली की चित्रभर दाणे दिसतात. हे मला एकदम कळलं. मुरलीला हे असं सांगता आलं नसतं.

त्यानंतर मला कॅमेऱ्याच्या वस्तूंची फार गरज भासू लागली.

मंगळवारी मी लेन्सचा हूड मागायला गेले. "घरात, माडीवर काढता ना? मग ऊन कुठून येणार? नको." शुक्रवारी धूळ उडवायचा रबरी फुगा. त्याने लेन्स उजेडाकडे धरून निरखली, बराच वेळ. "धूळच नाही. इतकी स्वच्छ लेन्स मी पाहिली नाही." पुसून पुसून माझी बोटं दुखत होती, ते मी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी गेले ती मेमरी कार्डासाठी.

"मागच्या आठवड्यात एक नेलंत."

"भरलं."

"आठ चित्रांनी?"

"मी बारकाईने काढते."

तो हसला... डोळ्यांनीच, ओठ जागच्या जागी. आणि मला एकाएकी उमगलं, की दोन भेटींपासून तो मला अक्का म्हणत नव्हता. दुसरंही काही म्हणत नव्हता. ती जागा त्याने तशीच मोकळी ठेवली होती.

"रघुरामा," गल्ल्यावरून मालक सांबशिव तमिळमध्ये म्हणाले, "तुला मी इथे विकायला बसवलंय की गिऱ्हाइकांना वाचवायला?"

एवढं सगळं होऊन फोटो मात्र बिघडतच होते. फिल्टरने काचेवरची चमक गेली, पण सोनं हिरवट यायचं, शेवाळ धरल्यासारखं. महिना संपायला चार दिवस राहिले. खरं सांगायचं तर मला दोन्ही गोष्टींची धास्ती होती. फोटो नाही जमले तर चेन्नईची संधी जाणार. आणि जमले, तर दुकानात जायचं निमित्त संपणार.

कॅमेरा घेऊन दुकानात गेले. रघुरामने फोटो पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"चूक माझी. फिल्टर काचेवर चालतो, धातूवर नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं." मग तो अडखळला. "एक विचारू? फोटो काढताना... काय नेसला होतात?"

"हा काय प्रश्न झाला?"

"पोपटी साडी होती?"

पोपटीच होती. घरात कामाची म्हणून मी तीच नेसते.

"सोनं म्हणजे आरसा," तो म्हणाला. "समोर जे उभं राहील त्याचा रंग घेतं. या तुमच्या सगळ्या फोटोंत तुम्हीच आहात." तो पुन्हा फोटो पाहू लागला, आणि पाहायचं काही उरलं नाही तरी पाहतच राहिला. "पांढरं काही नेसा."

हा सल्ला आत्याने जिन्यातच अडवला. लग्न न झालेल्या मुलीने तिच्या घरात पांढरं नेसायचं नाही, आणि काळ्याचं तर नावच नको. या वयात मला 'मुलगी' म्हणणारी तेवढी एकच व्यक्ती उरली आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

हे कळल्यावर रविवारी रघुरामच आला, पिशवीत दोन पांढऱ्याशुभ्र वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं, घेऊन. ऐप्पसी या इकडच्या पावसाळी महिन्यातलं आभाळ भरून आलं होतं, माडीच्या खिडकीतून मऊ, दुधी उजेड येत होता. त्याने दोरी बांधली, वेष्ट्या चित्रासमोर पडद्यासारख्या सोडल्या, आणि दोन काठांमधल्या फटीतून लेन्स तेवढी पुढे काढली. सोन्याला आता फक्त पांढरं दिसणार होतं. आम्ही दोघं पडद्यामागे.

"दहा सेकंदांचा टायमर लावतो. मग दोन सेकंद शटर उघडं राहील. जमीन फळ्यांची आहे, पाऊल हललं की फोटो हलेल. हलू नका."

मी हलले नाही. कॅमेरा टिकटिक मोजू लागला. बाहेर पाऊस सुरू झाला, पन्हाळीतून पाणी धारेने पडू लागलं. त्याच्या बाहीला धुतल्या कापडाचा वास होता. त्याचा हात माझ्या हातापासून चार बोटांवर होता, आणि ती चार बोटं मी दहा सेकंद मोजत राहिले.

खट्... आणि खूप वेळाने, खट्.

छोट्या पडद्यावर बाळकृष्णाचं सोनं पिवळंधम्म, ऊबदार आलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पाहिलं आणि आयएसओची बटणं उगाच तपासली.

तेवढ्यात आत्या कापीचे म्हणजे कॉफीचे पेले घेऊन वर आली. पडद्यापलीकडे थबकली. आमचे पाय खालून दिसत असणार.

"लग्नात अंतरपाट धरतात तो वधू-वरांच्या मधे," ती म्हणाली. "दोघंही एकाच बाजूला... अशी पद्धत मी पाहिली नाही."

उरलेले सात फोटो आम्ही फार शिस्तीत काढले. जाताना त्याने वेष्ट्यांच्या नीट घड्या केल्या आणि "येतो" म्हणाला. बस, तेवढंच.

सोमवारी फोटो चेन्नईला गेले. बुधवारी कलादालनाचं उत्तर आलं, आठही चित्रं पाठवा. आत्याने केसरी केला, म्हणजे केशरी शिरा. मी दोनदा वाढून घेतला आणि मला कळलं की मला तो गोड लागत नाहीये.

गुरुवारी मी दुकानात गेले. हातात कॅमेरा नव्हता, पिशवीही नव्हती.

"चित्रं घेतली त्यांनी," मी सांगितलं.

"माहीत होतं मला." त्याचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू सावध झाला. "मग... आज काय दाखवू?"

मी कपाटाकडे पाहिलं. पट्टे, बॅगा, बॅटऱ्या. सगळं नीट ओळीत होतं.

"काही नको. तुम्हाला बघायला आले."

गल्ल्यावर सांबशिवांनी पेपर वर केला, अगदी डोक्यापर्यंत.

"मी पंचेचाळिसाचा होईन थैमध्ये, पोंगलच्या महिन्यात," रघुराम हलक्या आवाजात म्हणाला. "पापनाशमचं घर पावसात गळतं. सकाळी कोणाशी बोलत नाही. आणि रविवारी मी तुमच्याकडून निघालो तो स्टेशनवर तीन गाड्या सोडून बसलो होतो, परत यावं की काय म्हणून... आणि आलो नाही. तेही सांगून ठेवतो."

"का आला नाहीत?"

"काय निमित्त सांगणार?"

इतका शहाणा माणूस, आणि तोही माझ्यासारखाच. मला हसू आलं.

"येत्या रविवारी जेवायला या," मी म्हटलं. "आत्या बोलावणार आहे. तिला अजून माहीत नाही, पण बोलावेल."

"काय आणू?"

"काही आणू नका. लवकर या."

काऊंटरपाशी एक गिऱ्हाईक केव्हाचं उभं होतं. रघुराम त्याला "आलोच" म्हणाला, आणि फळी उचलून माझ्याबरोबर रस्त्यावर आला. बस येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. एक बस आम्ही सोडली. दुसरीही.