बोगद्यातला घास

मैत्रेयीला किळस फार. पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आली तेव्हा या शहरातलं तिला सगळ्यात काय आवडलं, तर बाय-टू कॉफी. एक कॉफी दोघांत, पण पेले वेगळे. दुसऱ्याच्या तोंडचं काही तिच्या घशाखाली उतरत नसे. अशा मुलीचा साखरपुडा झाला तो बोम्मसंद्राच्या कारखान्यातल्या शंतनुशी, आणि हा गडी कुणाच्याही ताटातली भजी न विचारता उचलणारा. गंमत म्हणजे त्याचं उष्टं तिला चालायचं. तिच्यासोबत राहणारी शाल्मली म्हणायची, याहून मोठा पुरावा कुठला हवा!

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात जोडून सुट्ट्या आल्या. ही दोघं, शाल्मली आणि शंतनुचा मित्र ध्रुव अशी चौकडी मॅजेस्टिकवरून बस पकडून सकलेशपूरला गेली. तिथून घाट उतरणारी मीटरगेजची पॅसेंजर. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला पाणी गळणारा कडा आणि मध्ये बोगद्यांमागून बोगदे. डब्यात दिवे नव्हते. बोगदा आला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख व्हायचा आणि ओल्या दगडाचा वास आत शिरायचा.

दहीभाताचा डबा निघाला आणि ध्रुवला चेव आला.

"मैत्रेयी, लग्नात करायचंच आहे, आत्ता रिहर्सल होऊन जाऊ दे. उखाणा घे आणि भरव त्याला."

"गप रे. लोक बघतायत."

"स्वल्प सरक," म्हणत शाल्मली तिच्याशेजारी घुसली आणि डबा तिच्यापुढे धरला. "नाव घेतल्याशिवाय आम्हालाही भात नाही!"

समोरच्या बाकावर शंतनु एकटाच बसला होता आणि खुशीत हसत होता. मैत्रेयीनं लाजत घास कालवला. गाडी बोगद्यात शिरली तशी तिला हिंमत आली.

"घाटामागून घाट, धबधब्यांच्या धारा, शंतनुरावांना भरवते दहीभात सारा!"

तिनं हात पुढे केला. गार ओठ लागले. त्यांनी बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत घेतली. चावट कुठला, असं म्हणून ती हसलीसुद्धा. मग तिला जाणवलं की या तोंडात दात नाहीत. नुसत्या मऊ, बुळबुळीत हिरड्या. जीभ एकेका नखाखाली शिरून शितं टिपत होती. सावकाश. भुकेल्यासारखी.

"शंतनु, पुरे!"

उजेड आला तेव्हा समोरचा बाक रिकामा होता. शंतनु दारातून परत येत होता.

"उखाणा ऐकला हं मी! बोगद्याचं तोंड बघायला गेलो होतो. माझा घास कुठंय?"

तिच्या बोटांवर एक शीत नव्हतं. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती आणि त्यांना लाळेची जाड तार लोंबत होती. तोंड आलेल्या माणसाच्या श्वासासारखा आंबूस वास येत होता. "मी नव्हे" म्हणत ध्रुवनं आईची शपथ घेतली, दात विचकून दाखवले. मैत्रेयी खिडकीबाहेर वाकून ओकली. पुढच्या स्टेशनात तिनं साबणाची वडी संपवली. वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकलेशपूरला परतून जवळचा मंजराबादचा पडका किल्ला. शेवाळलेल्या पायऱ्या, गुडघाभर गवत, गवतात जळवा. तिघांच्या पोटऱ्यांवर रक्ताच्या रेघा उमटल्या. मैत्रेयीला एकही चिकटली नाही. मुद्दाम तिनं उजवा हात गवतात धरला. एक जळू लांब होत आली, बोटाला टेकली आणि आखडून खाली पडली.

"लकी आहेस," शंतनु म्हणाला.

जळवेलाही आपली किळस आली, हे तिच्या मनातून जाईना. किल्ल्याच्या मध्यावर तळघर होतं, त्याच्या तोंडाशी चौघं उभी राहिली. आत कुणी नव्हतं. तरी आतून मचमच ऐकू येत होती, दात नसलेल्या माणसाच्या जेवणासारखी. तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. ते फोटो काढत होते.

बंगळूरला परतल्यावर ती डाव्या हातानं, चमच्यानं जेवू लागली. लग्न मार्गशीर्षात होतं. घास भरवायचा विषय निघाला की ती उठून हात धुवायला जायची. एका रविवारी दुपारी शंतनु तिच्या कोरमंगलाच्या घरी आला.

"मोडायचंय का लग्न? माझी किळस येते तुला?"

"तुझी नाही रे. तू हवा आहेस मला. पण हा हात..."

"मग आत्ताच भरव. दिवसाढवळ्या. बघ, दात आहेत." त्यानं आ केला.

तिनं इडलीचा तुकडा मोडला, त्याच्या जिभेवर ठेवला. त्यानं ओठ मिटले आणि तो थांबला.

"दिलंस कुठं काही?"

तिची बोटं रिकामी होती. ओली होती.

तिनं दुसरा तुकडा घेतला. या वेळी दोघंही डोळे ताणून बघत होती. त्याच्या ओठांपाशी पोचेपर्यंत तुकडा अर्धा झाला. मग तोही उरला नाही.

शंतनुनं खुर्ची मागे सरकवली. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

मचमच मात्र चालू होती. दोघांच्या मधोमध, टेबलाच्या उंचीवर.

मग मचमच थांबली. कुणीतरी वाट पाहतंय, हे दोघांनाही कळलं.

"मैत्रेयी, नको," शंतनु म्हणाला.

तिनं पुढचा घास केला.